गाळावरची

फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नदी अटलांटिकला मिळते. त्याच्या थोडं अलीकडे, नाँत शहराच्या आसपास, म्युस्कादे नावाची पांढरी वाइन होते. तिच्या बाटलीवर बऱ्याचदा दोन छोटे शब्द छापलेले असतात, 'स्युर ली'. फ्रेंच न येणाऱ्याला ते एखाद्या सरदार घराण्याचं बिरुद वाटावं. अर्थ एवढाच, की 'गाळावर'. द्राक्षांचा रस आंबून झाला की त्यातली यीस्ट मरते आणि तळाशी बसते. एरवी वाइन करणारे गाळ मागे ठेवून वरची निवळलेली वाइन दुसऱ्या पिंपात काढून घेतात. म्युस्कादेवाले तसं करत नाहीत. हिवाळाभर ते वाइन त्या गाळावरच राहू देतात आणि थंडी ओसरल्यावर तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्यामुळे मुळात सडपातळ आणि आंबटसर असलेल्या या वाइनला जरा अंग येतं, जिभेला बारीकशी चुरचुर लागते.

'ली' हा शब्द लॅटिनमधून आलेला नाही. रोमन लोक येण्याआधी या मुलखात गॉलिश नावाची केल्टिक भाषा चालायची. ती पुढे मेली, पण शेतीवाडीचे काही शब्द फ्रेंचमध्ये ठेवून गेली. नांगराला 'शार्यु', चिखलाला 'बू', ओकच्या झाडाला 'शेन' हे त्यातलेच. दरबाराचे आणि कायद्याचे शब्द जिंकणाऱ्यांचे, नांगर आणि चिखल हरणाऱ्यांचा, अशी ही वाटणी आहे. त्या हरणाऱ्यांच्या भाषेत 'लिगा' म्हणजे तळाशी बसलेला गाळ. त्यावरून फ्रेंच 'ली', आणि फ्रेंचवरून इंग्रजी 'लीज'.

आता नदीचं नाव बघा. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५६मध्ये ब्रिटनीच्या दर्यावर्दी टोळ्यांशी लढायला याच नदीवर गलबतं बांधून घेतली, तेव्हा त्याने तिचं नाव लिहिलं 'लिगेर'. 'ल्वार' हे त्याचंच झिजलेलं रूप. अनेक भाषाअभ्यासक 'लिगेर'चा संबंधही 'लिगा'शी लावतात. म्हणजे ही गाळवती. नावाला ती जागतेही. मध्य फ्रान्सच्या डोंगरात उगम पावून सुमारे हजार किलोमीटर वाहणारी ही तिथली सर्वांत लांब नदी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिच्या पात्रात वाळूचे पट्टेच्या पट्टे उघडे पडतात. गाळाच्या नावाची नदी, आणि तिच्या मुखाजवळ 'गाळावर' म्हणून विकली जाणारी वाइन. लेबल छापणाऱ्याच्या मनात हे नक्कीच नसणार.

मराठीने याच वस्तूकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. 'लिगा'च्या मुळाशी आडवं पडून राहणं आहे, इंग्रजी 'लाय' त्याच गोत्रातला. आपला 'गाळ' येतो गळण्या-गाळण्यातून. गाळून मागे उरलं ते गाळ, गाळून हाती आलं ते गाळीव. भट्टी लावून दारू काढणं म्हणजेसुद्धा आपल्याकडे 'दारू गाळणं'. टाकायचं आणि ठेवायचं अशी दोन्ही कामं एकाच धातूने केली. आपल्याकडे 'साका' हाही एक नेमका शब्द आहे. द्रव स्थिर ठेवल्यावर तळाशी जे बसतं ते. म्युस्कादेच्या बाबतीत खरं तर तोच जास्त जुळतो, कारण इथे कुणी काही गाळलेलंच नसतं. पण 'साक्यावरची वाइन' म्हटलं तर वाचणारा प्रयोगशाळेत जाऊन उभा राहील, म्हणून मी गाळच ठेवतो. शिवी म्हणून मात्र दोन्ही भाषांनी हा शब्द सारखाच वापरला. समाजातल्या हलक्या मानलेल्या लोकांना फ्रेंचमध्ये 'लोकांची ली' म्हणतात, आपण निकृष्ट गोष्टीला 'गाळसाळ' म्हणतो.

एका फसव्या जुळ्याबद्दल इथेच सांगून टाकतो. जुन्या फ्रेंचमध्ये 'शेर ली' करणं म्हणजे मजेत खाणंपिणं. तो 'ली' वेगळा. लॅटिन 'लेतुस', म्हणजे आनंदी, त्याचं ते स्त्रीलिंगी रूप. खाणंपिणं आणि वाइन यांच्या इतक्या जवळ असूनही त्याचा गाळाशी काडीचा संबंध नाही. ध्वनीवरून व्युत्पत्ती ठोकणाऱ्यांसाठी हा मुद्दाम मांडलेला सापळाच म्हणायचा.

ल्वारकाठच्या वाइनचा विषय निघाला की राजवाडे, शिकारखाने, राजांच्या मैत्रिणी हे सगळं आपोआप येतं. आवाजही तसे मऊ. सांसेर, वूव्रे, सोव्हिन्याँ, कार द शोम. पण या नावांची साल काढली की आत राजवाडा सापडत नाही. सापडतो तो चिखल, रान, कुत्रा, कावळा, जमीनदाराचा वाटा आणि जकातनाका. या भागाचा शब्दसंग्रह शेतकऱ्यांनी, नावाड्यांनी आणि व्यापाऱ्यांनी घडवलेला आहे, आणि मला तो राजवाड्यांपेक्षा कितीतरी रंजक वाटतो.

'म्युस्कादे' हेच नाव घ्या. त्याच्या पोटात 'म्युस्क' आहे, कस्तुरी. जायफळाला फ्रेंचमध्ये 'कस्तुरीच्या वासाचं फळ' अशा अर्थाने 'म्युस्काद' म्हणतात, त्याच कुटुंबातलं हे नाव. कस्तुरीचा फ्रेंच शब्द लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून, ग्रीकमध्ये फारसी 'मुश्क'वरून. आणि फारसी शब्दाचं मूळ संस्कृत 'मुष्क' मानलं जातं. मुष्क म्हणजे वृषण. कस्तुरीमृगाच्या पोटाखालची पिशवी तशी दिसते म्हणून. मुष्क हा स्वतः 'मूष' म्हणजे उंदीर यावरून, बहुधा 'छोटा उंदीर' या अर्थाने. शरीराच्या अवयवांना उंदीर म्हणायची खोड लॅटिनलाही होती. 'मसल' हा स्नायूचा शब्द तिथे 'छोटा उंदीर'च आहे. तर नाँतच्या समुद्रकाठी कालवांबरोबर प्यायल्या जाणाऱ्या या थंड वाइनच्या नावात अखेर आपलाच मूषक बसलेला आहे. गंमत म्हणजे तिला कस्तुरीचा वास नाही, जायफळाचा नाही, खरं तर फारसा कसलाच नाही.

ज्या वेलीपासून ती होते तिचं नाव तर आणखीच सरळ आहे. 'मलों', म्हणजे खरबूज, कारण पानं गोलसर. ही वेल मूळची बर्गंडीची. नाँतच्या भागात तिचं राज्य झालं ते एका हिवाळ्यामुळे. १७०९ची थंडी युरोपने तोवर पाहिलेल्या भयंकर थंड्यांपैकी एक. द्राक्षवेली उभ्याच्या उभ्या मेल्या. मलों थंडीला टिकणारी म्हणून नव्या लावणीत तिला पुढे केलं गेलं. तिच्याआधी इथे प्रामुख्याने 'फोल ब्लांश' होती. शब्दशः 'वेडी पांढरी', वेड्यासारखी वाढते म्हणून. तिचं इथलं दुसरं नाव 'ग्रो प्लाँ', मोठं रोप. नाव ठेवणाऱ्याने फार वेळ घालवलेला दिसत नाही.

नाँतमध्ये पांढऱ्या द्राक्षांची मागणी होती ती डच व्यापाऱ्यांची. सतराव्या शतकात या बंदरात त्यांचं बस्तान होतं, आणि त्यांना वाइन प्यायला कमी, भट्टीवर चढवायला जास्त हवी होती. ऊर्ध्वपातन केलेलं मद्य जहाजावर कमी जागा घेतं आणि लांबच्या प्रवासात नासत नाही. अशा भट्टीला पातळ आणि आंबट वाइनच लागते. उत्तरेकडच्या गारठ्यात अर्धवट गोड होणारी द्राक्षं त्यांना सोयीचीच होती. आपल्या या मालाला डच लोक म्हणायचे 'ब्रांडवेइन', म्हणजे जाळलेली वाइन. इंग्रजांनी त्याचं 'ब्रँडीवाइन' केलं, मग शेपूट तोडून 'ब्रँडी'. खोकल्यावर चमचाभर ब्रँडी द्यावी की नाही, यावर मराठी घरांतून जे वाद झाले त्यांचा मुख्य शब्द असा डच भट्टीवरून आला.

'टन'ही याच गोतावळ्यातला. पिंपाला फ्रेंचमध्ये 'तोनो' म्हणतात. त्यामागचा 'तुन्ना' हा शब्द बहुधा केल्टिक. लाकडी पिंपं करण्यात गॉल लोक वाकबगार, रोमन मातीचे रांजण वापरत. जहाजात वाइनची किती मोठी पिंपं मावतात त्यावर जहाजाची ऐपत मोजली जाई. त्या पिंपाचं नाव आधी मापाला आणि मग वजनाला चिकटलं. आज उसाचा टनामागे दर ठरतो, तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही वाइन नसते.

नाँतहून नदीने वर निघालं की ब्रिटनी आणि आंजू या जुन्या प्रांतांच्या सीमेवर अँग्रांद नावाचं गाव लागतं. राजेशाहीच्या काळात इथे जकातीचं ठाणं होतं. आंजूची वाइन समुद्राकडे न्यायची तर इथे पैसे मोजावे लागत. ही जकात परवडायची ती भारी वाइनलाच. त्यामुळे मालाचे दोन वर्ग पडले, चांगली ती 'समुद्राची' आणि उरलेली ती पॅरिसची. चांगला माल डच जहाजांत जायचा आणि राजधानीला दुय्यम मिळायचा, हे मला फार समाधानकारक वाटतं. पण खरी मौज गावाच्या नावात आहे. 'अँग्रांद' हे गॉलिश 'इकोरांदा'चं रूप, आणि त्याचा अर्थ सीमा, हद्द. नाँतला नाव देणारी नाम्नेती टोळी आणि आंजूला नाव देणारी आंदेकावी टोळी यांच्या हद्दीवरची ही जागा. पुढे राज्यं बदलली, धर्म बदलला, पण वसुली त्याच रेषेवर चालू राहिली. आपल्या 'जकाती'चा प्रवास वेगळ्या तऱ्हेने विचित्र आहे. अरबीत जकात म्हणजे धर्माने सांगितलेलं दान. नाक्यावर ट्रक अडवून ठेवणाऱ्या माणसाला हे दान वाटलं असेल का, कोण जाणे.

वसुलीचा दुसरा शब्द थेट बाटलीवर आहे. आंजूमध्ये ल्वारला लेयों नावाची छोटी नदी मिळते. तिच्या काठच्या एका उतारावर 'कार द शोम' ही गोड वाइन होते. 'कार' म्हणजे पाव, चौथा हिस्सा. शोम गावच्या या जमिनीवरच्या पिकाचा चौथा भाग जमीनदाराचा, आणि तो चौथा भाग कुठला हेही जमीनदारानेच ठरवायचं. अर्थात त्याने दक्षिणेकडे तोंड असलेला, वाऱ्यापासून आडोशाचा तुकडा निवडला. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून द्यायची गरज नाही. चौथाई हा शब्द आपण मुलूखभर पोहोचवलेला आहे. फरक एवढाच, की आपल्या चौथाईच्या नावाची बाटली कुणी काढली नाही. ल्वारच्या संपूर्ण काठावर 'ग्रां क्र्यु' हा सर्वोच्च दर्जा याच एका वाइनला आहे.

ती गोड होते ती एका बुरशीमुळे. शरदात लेयोंवरून सकाळी धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि पिकलेल्या मण्यांवर राखाडी बुरशी धरते. ती सालीला बारीक भोकं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं आणि साखर दाटते. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं बोट्रायटिस सिनेरिया. ग्रीक 'बोट्रिस' म्हणजे द्राक्षांचा घड, लॅटिन 'सिनेरिया' म्हणजे राखेच्या रंगाची. फ्रेंच शेतकरी तिला 'खानदानी सड' म्हणतात. हीच बुरशी हवा ओली राहिली तर अख्खी बाग नासवते, तेव्हा ती नुसतीच सड असते. खानदान फायद्यानंतर जोडलेलं आहे.

आता वेलींच्या नावांकडे वळू, आणि त्यासाठी फ्रांस्वा राबलेला बोलावलंच पाहिजे. सोळाव्या शतकातला हा पाद्री, वैद्य आणि महाविनोदी लेखक ल्वारच्या खोऱ्यातला, शिनाँजवळचा. १५३४च्या सुमारास छापलेल्या त्याच्या 'गार्गांत्युआ'त एक मोठं युद्ध पेटतं ते रोट्यांवरून. बाजाराला निघालेले रोटीवाले मेंढपाळांना रोट्या विकत द्यायचं नाकारतात, शिवीगाळ करतात आणि एका मेंढपाळाच्या पायांवर चाबूक ओढतात. रोटीबरोबर द्राक्षं किती छान लागतात हे सांगताना राबले द्राक्षांच्या जातींची यादीच देऊन टाकतो, आणि त्यातली एक जात बद्धकोष्ठ झालेल्यांसाठी खास राखून ठेवतो. व्युत्पत्ती शोधणाऱ्याला हे प्रकरण म्हणजे खजिना आहे.

त्या यादीत 'फ्येर' नावाचं द्राक्ष आहे. लॅटिन 'फेरुस', म्हणजे रानटी, यावरून. अभ्यासक ही सोव्हिन्याँ ब्लाँच मानतात, आणि 'सोव्हिन्याँ' या नावाचा अर्थही तोच निघतो. 'सोव्हाज' म्हणजे जंगली, ते आलं लॅटिन 'सिल्व्हा' म्हणजे रान यावरून. या वेलीची पानं रानवेलीसारखी दिसतात म्हणे. एकाच वेलीला वेगवेगळ्या मुळांतून दोनदा 'रानटी' म्हटलं गेलं, म्हणजे वागणूकही तशीच असणार. आज जगभर सर्वांत भारदस्त मानल्या जाणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाचे जन्मदाते कोण, हे १९९७मध्ये कॅलिफोर्नियात डीएनए तपासून कळलं. एक काबेर्ने फ्राँ आणि दुसरी ही रानवट पांढरी.

त्यातली काबेर्ने फ्राँ शिनाँ आणि बूर्गयची लाल वाइन देते. तिथले लोक या द्राक्षाला पिढ्यान्‌पिढ्या 'ब्रताँ' म्हणत आले आहेत. का, याची एक लाडकी गोष्ट आहे. सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्यचा कारभारी होता अबे ब्रताँ. त्याने ही रोपं या भागात आणून लावली, म्हणून त्याचं नाव पडलं. गोष्ट सुबक आहे. नाव आहे, हुद्दा आहे, बडा मालक आहे. पण राबले ती एका वाक्यात उडवतो. 'गार्गांत्युआ'तलं एक पात्र चांगल्या ब्रताँ वाइनची तारीफ करतं आणि बजावतं, की ही काही ब्रिटनीत पिकत नाही, आमच्या व्हेरोंच्या मुलखात पिकते. व्हेरों म्हणजे शिनाँजवळचा, दोन नद्यांच्या मधला पट्टा. हे छापलं गेलं तेव्हा रिशल्य जन्मायला अजून पन्नास वर्षं होती. कारभाऱ्याचं काय घेऊन बसलात!

मग 'ब्रताँ' म्हणजे सरळ 'ब्रिटनीकडचं'. हे द्राक्ष नैर्ऋत्य फ्रान्सकडून समुद्रमार्गे नाँतच्या बंदरात उतरलं आणि नदीने वर आलं. नाँत तेव्हा ब्रिटनीचं. माल जिथे जन्मतो तिथलं नाव त्याला क्वचितच मिळतं, जिथे उतरतो तिथलं मिळतं. अबेच्या गोष्टीसारख्या गोष्टी आपल्याकडेही पायलीला पन्नास आहेत. गावाच्या नावामागे एक राजा, एक राणी, एक शाप. कुठल्याही नावामागे ठळक माणूस उभा दिसला की मी आधी तारखा बघतो.

सांसेर हे वरच्या ल्वारचं डोंगरावरचं गाव. त्याचंही असंच झालं. ऐटबाज कथा म्हणते 'साक्रुम सीझारी', सीझरला वाहिलेलं. टेकडीच्या पायथ्याशी सँ-सात्युर नावाचं गाव आजही आहे. संत सात्युरच्या नावाचं झिजून सांसेर झालं, हे त्या मानाने बेचव पण पटण्यासारखं आहे. नदीपलीकडचं पुयी हे लॅटिन 'पौलियाकुम', म्हणजे पौलुस नामक कुणाची तरी वाडी. शेवटचा 'आकुम' हा प्रत्यय गॉलिश, आणि तो उत्तरेत झिजून 'ई' किंवा 'ए' झाला तर दक्षिणेत 'आक' राहिला. म्हणून बोर्दोचं जगप्रसिद्ध 'पोयाक' आणि ल्वारचं 'पुयी' हे एकच नाव आहे, पॉलवाडी. पुयीच्या वाइनला 'फ्युमे' म्हणजे धुरकट का म्हणतात यावर दोन मतं आहेत. पिकलेल्या मण्यांवर राखाडी लव येते म्हणून, किंवा वासाला गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखं वाटतं म्हणून. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंदावीने हाच शब्द उचलून आपल्या सोव्हिन्याँला 'फ्युमे ब्लाँ' म्हटलं आणि ती भराभर खपली.

आणि शेनिन ब्लाँ. वूव्रेची, साव्हेन्येरची, कार द शोमची हीच वेल. कडक कोरडीपासून मधासारख्या गोडपर्यंत सगळी रूपं ती घेते. तुरेन प्रांतात कोर्मेरीजवळ माँ-शेनिन नावाची जागा आहे, तिथून नाव आलं असं पुस्तकं सांगतात. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'शेनिन' हे विशेषणही होतं, लॅटिन 'कानिनुस'वरून, अर्थ 'कुत्र्याचं'. रानटी किंवा हलक्या फळाला कुत्र्याचं म्हणायची चाल अनेक भाषांत आहे. राबलेच्या मेंढपाळांनी ही द्राक्षं खाल्ली नाहीत. चाबूक बसलेल्या आपल्या सोबत्याच्या पायांना जाडजूड शेनिन द्राक्षांनी शेक दिला, आणि तो बरा झाला. यावरून तेव्हाची त्यांची पत कळते. शेजारच्याच 'ग्रोलो' या काळ्या द्राक्षाचं नाव 'ग्रोल'वरून आहे, म्हणजे डोमकावळा.

हे शेनिन मराठी मुलखाला परकं नाही. सुला या वाइन कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस नाशिकला गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा निवडलेल्या दोन पांढऱ्या जाती म्हणजे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ, ल्वारच्या थोरल्या दोघी. २०००मध्ये त्यांच्या बाटल्या बाजारात आल्या. शेनिनची गंमत अशी, की उन्हातही तिचा आंबटपणा पुरता सुटत नाही, म्हणून गारठ्यात वाढलेली ही वेल गोदावरीकाठीही नांदते. मात्र वेलीचं वर्ष इथे उलटं होतं. ल्वारला ती हिवाळाभर झोपते आणि शरदात घड देते. नाशिकला एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि घड थंडीत. 'गोडी छाटणी' इतका सुरेख शब्द एकाही लेबलवर अजून पाहिला नाही. तिथे सगळे 'रिझर्व्ह' आणि 'व्हॅली'.

थंडीचं भय ल्वारला अजूनही आहे, आणि त्यालाही एक शब्द आहे, 'ल्युन रुस', तांबूस चंद्र. ईस्टरनंतरच्या चांद्रमासातला तो चंद्र. त्याच्या उजेडाने कोवळे कोंब तांबडे पडून करपतात अशी शेतकऱ्यांची खात्री होती. राजा अठरावा लुई याने एकदा खगोलशास्त्रज्ञांच्या मंडळाला याबद्दल विचारलं. मंडळातल्या लाप्लासने चंद्राच्या गतीवर आयुष्यभर लिहिलं होतं, पण हा चंद्र त्याच्या गावीही नव्हता. मग त्याच मंडळातल्या फ्रांस्वा आरागोने शोध घेतला. चंद्र बिचारा निर्दोष. तो स्वच्छ दिसतो म्हणजे आकाश निरभ्र असतं, आणि निरभ्र रात्री कोंब आपली उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही गार होतात. शेतकऱ्यांचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त साक्षीदाराला त्यांनी आरोपी केलं. एप्रिल १९९१ आणि पुन्हा एप्रिल २०२१च्या दहिवराने इथल्या बागा अशाच भाजून काढल्या.

नदीने आणखी वर गेलं की ऑर्लेआँ. ल्वार इथे पॅरिसच्या सर्वांत जवळ येते आणि पाठ फिरवते. त्यामुळे पॅरिसला जाणारी पिंपं इथे नावांतून उतरवून गाड्यांवर चढवत. प्रवासात आंबलेली पिंपं पॅरिसला कोण घेणार? ती ऑर्लेआँतच राहत, आणि शहराचा धंदा झाला तो 'व्हिनेग्र'चा. 'व्हँ' म्हणजे वाइन, 'एग्र' म्हणजे आंबट. लुई पाश्चरने १८६७मध्ये तिथल्या कारखानदारांपुढे आंबण्यामागच्या जीवाणूंवर व्याख्यान दिलं. आपल्या चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्यांत बुडालेलं ते व्हिनेगर हा याच दोन शब्दांचा जोड आहे. गोव्याचं विंदालू दुसऱ्या वाटेने त्याच वाइनला मिळतं. पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्युश', म्हणजे वाइन-लसणाचं मुरवण. त्यातली वाइन जाऊन माडाच्या व्हिनेगरने जागा घेतली.

राहता राहिला बुडबुड्यांचा प्रकार. पहिलं आंबणं पुरतं संपायच्या आत वाइन बाटलीत भरली तर उरलेलं आंबणं आतच होतं आणि ती फसफसते. या जुन्या रीतीला गेल्या काही दशकांत नव्याने चालना मिळाली ती वूव्रे-माँलुईच्या परिसरात. तिला 'पेतियाँ नात्युरेल' म्हणतात, लाडाने 'पेत-नात'. 'पेतिये' म्हणजे तडतडणं, फुसफुसणं. हे क्रियापद 'पेते'चं लहान रूप, आणि 'पेते' हे 'पे'वरून. 'पे' म्हणजे पाद. लाजायचं कारण नाही, कोशात आहे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की आपल्या सगळ्यांच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेत या क्रियेसाठी दोन निरनिराळे धातू होते, एक आवाजाचा आणि एक बिनआवाजाचा. आवाजाच्या धातूवरून संस्कृत 'पर्द्', मराठी 'पाद' आणि त्या अर्थाचा इंग्रजी शब्द आले. बिनआवाजाच्या धातूवरून लॅटिन 'पेदेरे' आणि हा फ्रेंच 'पे'. तेव्हा 'पे' आणि 'पाद' ऐकायला सख्खे वाटले तरी कुळं वेगळी आहेत. माँलुईच्या उत्पादकांनी कायद्याने संरक्षित नाव घेताना 'पेतियाँ ओरिजिनेल' असं भारदस्त रूप निवडलं. न्यूयॉर्क-लंडनच्या हॉटेलांत मात्र तोकडं नावच चालतं, आणि गिऱ्हाईक ते मोठ्याने, दोनदा सांगून मागवतं.